कडुनिंब दिसेपर्यंत

"पुन्हा दुधाळ!"

मी चकती चिमट्याने उचलून खिडकीसमोर धरली. पलीकडचा कडुनिंब दिसेना.

"दह्यासारकी लागली न, बाई," शालिकरामभाऊ म्हणाले. "फेकता काहून?"

"आरपार दिसायला हवं, भाऊ."

१९७८चा मे. विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट ओळखणारा इलेक्ट्रोड आम्ही नागपुरातच, कॉलेजच्या प्रयोगशाळेत घडवत होतो. विरघळवलेलं प्लास्टिक काचेच्या कड्यात ओतायचं; द्रावक उडाला की पातळ चकती उरते, ती नळीच्या टोकाला चिकटवायची. आज स्वच्छ चकती निघाली नाही, तर विभागप्रमुख सर हे काम बंद करणार होते.

शालिकरामभाऊ आमचे अटेंडंट. जूनमध्ये निवृत्त होणार होते. काम भांडी धुण्याचं, जीव मात्र कूलरमध्ये. दर उन्हाळ्यात वाळ्याची नवी खस स्वतः ठासून भरत, दिवसभर तिच्यावर पाणी मारत. यंदा मी द्रावकाच्या वासात उभी असते म्हणून कूलर त्यांनी माझ्या टेबलासमोर आणला होता.

चकत्या बिघडू लागल्या त्या तेव्हापासून. द्रावक उडताना चकती गार पडते आणि दमट हवेतलं पाणी धरते. सकाळीच हे लक्षात आलं होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती.

"भाऊ, आज कूलर बंद ठेवू या."

"काहून? आवाज करून राहिला का?"

"त्याच्या ओलाव्यानं चकती नासते."

ते खशीकडे बघत राहिले. "म्हंजे हप्ताभर मीच नासवून राहिलो होतो."

"मलाही आजच कळलं."

"तुमाले एमेस्सी होऊन आज कळलं, मी तं सातवी नापास!"

हसले, पण बटण बंद करताना हात रेंगाळला. उन्हाची झळ बाधू नये म्हणून खिशात बाळगलेला कांदा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "असू द्या. लू लागन."

मी नवी चकती ओतली. कानाला दुपट्टा गुंडाळून ते बंद कूलरशेजारी स्टुलावर बसले. दोघंही घामाने निथळत होतो. उन्हं कलली तेव्हा मी चकती सोडवून खिडकीशी नेली.

भाऊंनी एक डोळा मिटला. "कडुनिंब दिसते. कावळा बी."

मी चकती डबीत ठेवली.

"आता कूलर लावू?"

"लावा, भाऊ."

"पुढच्या साली जो येईन, त्याले सांगजा. चकती सुकल्यावरच लावजो म्हना."

डबीचं झाकण त्यांनी दाबून पाहिलं. खशीवर बादली रिकामी केली आणि कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं.