चौदा तारखेचा आलेख

तिचा पीएचडीचा प्रबंध सोमवारी द्यायचा होता आणि गुरुवारी दुपारी साडेबाराला प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ काका त्यात स्वतःचं नाव शोधत होते.

"आभाराचं पान पुढे असतं, काका," ती म्हणाली. "तुम्ही मागून काय चाळताय?"

"पेपरसुद्धा मी मागूनच वाचतो, डॉक्टरीणबाई."

पदवी मिळायला अजून अवकाश होता, पण वर्षभर ते तिला याच नावानं हाक मारत होते. चौथ्या प्रकरणाशी त्यांचा अंगठा थांबला.

"हा आलेख कधीचा?"

"खाली लिहिलंय की. चौदा तारीख. सगळ्यात स्वच्छ तोच आलाय."

"चौदाला तर माझा हात पहिल्या लेझरच्या पोटात होता."

ती हसली. काका हसले नाहीत.

प्रयोग सांगायला सोपा होता. हवा काढून घेतलेल्या पोलादी भांड्यात नायट्रोबेन्झिनची वाफ सोडायची आणि पहिल्या लेझरच्या अतिनील प्रकाशानं तिचे रेणू फोडायचे. त्यातून नायट्रिक ऑक्साइडचे तुकडे उडतात. दुसऱ्या लेझरनं ते टिपायचे आणि त्यांचा वेग मोजायचा. तिच्या आलेखात दोन उंचवटे होते, एक सावकाश निघालेल्या तुकड्यांचा, दुसरा भरधाव निघालेल्यांचा. या प्रकाशात भरधाव तुकडे निघतात असं आधी कुणी म्हटलं नव्हतं. चौथं प्रकरण त्यांच्यावरच उभं होतं.

काकांनी दुरुस्तीची वही आणली. चौदा तारीख, पहिल्या लेझरचा दिवा बदलला, अकरा वीस ते तीन, लेझर बंद. तिनं संगणकावर त्या दिवसाची फाइल उघडली. मोजणीची वेळ बारा चाळीस.

"मला सांगितलं का नाहीत?"

"फळ्यावर लिहिलं होतं. मी पलीकडे लेझरच्या खोलीत, तू या खोलीत पडद्याला डोळे लावून बसलेली. फळा कधी वाचतेस?"

"घड्याळ चुकलं असेल."

"कुणाचं? माझं की संगणकाचं?"

सोमवारी प्रबंध दिला की एक तारखेला ती नवऱ्याकडे राहायला जाणार होती. दोन वर्षं तो दुसऱ्या शहरात आणि ती इथे भाड्याच्या खोलीत. चौथं प्रकरण गेलं, तर निदान सहा महिने तरी जाणं नव्हतं.

यंत्र चालू करून तिनं पहिल्या लेझरच्या वाटेत काळा पुठ्ठा उभा केला. आता पडद्यावर सपाट रेघ यायला हवी होती. दोन्ही उंचवटे आले. तिनं पुठ्ठा नीट बसलाय का ते पाहिलं. नीट बसला होता.

कारण शोधायला वीस मिनिटं लागली. चार महिन्यांपूर्वी काकांनी दुसऱ्या लेझरचा स्फटिक बदलला होता आणि त्याचा जोर जवळपास चौपट झाला होता. त्या दिवशी तिनं सगळ्यांना चहा पाजला होता. नुसत्या दुसऱ्या लेझरनं काय दिसतं हे मात्र तिनं एकदाच मोजलं होतं, स्फटिक बदलण्याआधी. संगणक दर वेळी तेच जुनं माप वजा करत राहिला. मोजायला ठेवलेला लेझर आता स्वतःच रेणू फोडत होता आणि आपणच फोडलेले तुकडे मोजत होता.

"परीक्षक काही माझी वही मागणार नाहीत," काका हळूच म्हणाले. "मी आपला गप्प बसू शकतो. बायकोला विचार, मला चांगलं जमतं."

दुसऱ्या लेझरचा जोर तिनं दहाव्या हिश्श्यावर आणला, पुठ्ठा काढला आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली. चार वाजेपर्यंत चित्र स्पष्ट झालं. सावकाश तुकड्यांचा उंचवटा राहिला होता, बुटका पण ठाम; पुठ्ठा ठेवला की तोही जायचा. भरधावांचा नावालाही उरला नव्हता.

मार्गदर्शक मॅडमनी दोन्ही आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"हे दोन उंचवटे मी या चार महिन्यांत तीन परिषदांत दाखवलेत."

"हो, मॅडम."

"पहिला लेझर अडवून पाहिलंत का, असं तिथे कुणीच विचारलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "मीही नाही विचारलं. ते माझं काम होतं."

"सोमवारचं काय करायचं?"

"तू काय ठरवून आलीस?"

"प्रबंध थांबवायचा."

"मग मला कशाला विचारतेस? परिषदवाल्यांना पत्रं मी लिहिते. प्रकरण तू लिही. आणि रडायचं असेल तर घरी जाऊन रड, इथे कागद भिजतील."

ती रडली नाही. जिन्यात उभी राहून तिनं नवऱ्याला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"आईनं तुझ्यासाठी कपाटाचे दोन खण रिकामे केलेत," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणजे ते भरधाव तुकडे नाहीतच?"

"नाहीत."

"मग आहे काय?"

"तो रेणू प्रकाश पडल्या पडल्या तुटत नाही. आधी आतल्या आत वळतो, नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनच्या बाजूनं जोडला जातो आणि मग तुकडा सोडतो. म्हणून तुकडे सावकाश निघतात. तेवढं खरं आहे. पण ते जुन्या लोकांनीही सांगितलंय, मला आता नीट मोजून दाखवावं लागेल."

"त्याला किती वेळ लागतो?"

"पापणी लवायच्या कितीतरी आधी होतं ते."

"आणि तुला?"

"सहा महिने. सात धर."

तो काही तरी पुटपुटला, ते तिला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलंही नाही.

"रागावलास?"

"रागावलोय. पण तू ते प्रकरण तसंच दिलं असतंस, तर रोज सकाळी तुझं ओशाळलेलं तोंड मला बघायला लागलं असतं." तो म्हणाला. "आईला मात्र मी सांगणार नाही. तिला तू सांगायचं."

"सांगते."

"आत्ता सांग. ती इथेच उभी आहे."