संत तोमासचा वाटा

काकुपेचा चढ संपता संपता गाडी सलग तिसऱ्या रविवारी बंद पडली, तेव्हा सगळे जिला मानाने ‘न्या’ म्हणत त्या देल्मिराने स्टिअरिंगवर चक्क एक थप्पड हाणली. "माझ्याच हातात मरतेस होय गं भवाने?"

नवऱ्याच्या, म्हणजे अस्तेरिओच्या हाती ती कधी म्हणून अडली नव्हती. तो गेल्यावर अडुसष्टाव्या वर्षी देल्मिरा हट्टाने गाडी शिकली, दर रविवारी थोरल्या बहिणीकडे जाता यावं म्हणून. लेकाने मात्र बजावलं होतं, "आई, हे तुझं काम नव्हे. आता पुन्हा अडलीस तर गाडी विकून टाकायची." म्हणजे आज सोक्षमोक्षच लागणार होता.

एका ट्रकवाल्याने गाडी ओढत आणून विल्फ्रिदोच्या गॅरेजात सोडली. तोवर इंजिन गार झालेलं. विल्फ्रिदोने किल्ली फिरवताच ते शहाण्यासारखं सुरू झालं.

"बघ! चारचौघांत कशी गुणाची पोर!" देल्मिरा करवादली. "मलाच गाडी येत नाही, असंच ना?"

"थांबा हो न्या देल्मिरा. तापू दे की तिला."

वीसेक मिनिटांनी इंजिन चांगलं तापलं आणि झटक्यात गप्प झालं. विल्फ्रिदोने पुन्हा किल्ली फिरवून कान दिला. पेट्रोलचा पंप गुणगुणत होता. प्लगची वायर काढून पाहिली, तर ठिणगीचा पत्ता नाही. "इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर दिसतोय," तो म्हणाला. "तापला की मुका होतो. मग ना ठिणगी, ना पुढे पेट्रोल. आणा तो थर्मास इकडे."

तिच्या तेरेरेचं, म्हणजे पाल्याच्या गार चहाचं, पुदिना घातलेलं बर्फाळ पाणी त्याने सेन्सरवर ओतलं, थोडं थांबला आणि किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू!

मग टॉर्च लावून तो आत वाकला. "आं? हा पुदिना कसला? थरच्या थर वाळलाय. इथे कुणीतरी वर्षानुवर्षं तेरेरेचं पाणी ओतलंय."

देल्मिरा जुन्या टायरवर बसली.

शेवटची बारा वर्षं, दर रविवारी, त्याच चढावर अस्तेरिओ गाडी कडेला घ्यायचा. "काय वारा सुटलाय देल्मि! घोटभर घेऊ या." "चार कोस झाले नाहीत तर घसा सुकला का रे?" ती टोमणा मारायची. रिवाजाप्रमाणे तेरेरेचा पहिला वाटा संत तोमासचा. बाकीची माणसं तो जमिनीवर ओततात, हा बॉनेट उघडून आत ओतायचा. "आपला संत इंजिनात राहतो," म्हणायचा. मग अर्धा तास सावलीत बसून तो तरुणपणच्या गावजत्रा, तिथले नाच, तिच्या बापाची शिकारी कुत्री असलं काहीबाही उकरून काढायचा आणि ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. आठवड्यातला तेवढा अर्धा तास तिला फार फार आवडायचा.

"म्हणजे तो गाडी थांबवत नव्हता, गाडीच थांबत होती!" ती म्हणाली. "बारा वर्षं बनवलं मेल्याने मला! आणि मी आपल्याच हाताला नावं ठेवत बसले." ती हसली खरी, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "तो वारा, त्या गप्पा, सगळा नाइलाजच म्हणायचा की."

विल्फ्रिदो पाना शोधायला डिकीत शिरला होता. स्टेपनीखालून त्याने एक विटलेली डबी काढली, तिचं सील अजून शाबूत होतं. "न्या देल्मिरा, हा तर नवाकोरा सेन्सर! किती वर्षं पडून आहे कोण जाणे. एका बोल्टाचं, दहा मिनिटांचं काम. पानासुद्धा इथेच आहे."

"मग बसवला का नाही त्याने?"

"ते मला काय ठाऊक?"

तिला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी अस्तेरिओ शेजारच्या खुर्चीवर हात थोपटून म्हणायचा, "बस गं जरा." आणि तिचं आपलं, मांडिओकाचे कंद उकळतायत, कोंबड्या मोकळ्या आहेत, कपडे राहिलेत. चाळीस वर्षांत त्या खुर्चीला ती कधी टेकली नाही.

"घरी बोलवायचा तेव्हा नाही रे बसले मी," ती म्हणाली आणि न लाजता रडायला लागली. "गाडी बंद पडली तेव्हाच बसले."

विल्फ्रिदोने डबीवरची धूळ पुसली. म्हणाला, "मग हा लावू ना? लेकाला सांगा, खोट गाडीत होती, तुमच्यात नव्हे. आता मध्ये कुठे थांबावं लागणार नाही."

"लाव," बाहीने नाक पुसत ती म्हणाली. "पण सावकाश लाव बाबा. मला कसलीही घाई नाही."