नळीच्या बुडाशी

पोखर्णीच्या दूध केंद्रात दुधात पाणी आहे का ते बघायची काचेची उंच नळी एकच. एकाचं दूध तपासलं की दीपिकानं ती बादलीत बुचकळायची, उपडी करून निथळायची, मग पुढच्याचं दूध ओतायचं. त्या सकाळी रांग लांब, चेअरमन दिनकरराव मागून घाई करतायत. निथळायचं राहून गेलं. नेमकी पुढं उभी होती तिची सासू, कासाबाई.

लॅक्टोमीटर खोल बुडाला. म्हणजे दुधात पाणी.

"वता मोरीत. खातं बंद," दिनकरराव म्हणाले. नियम त्यांचाच, आणि तो लावायला मिळाला की माणूस खुलायचा. कॅन रिकामा झाला.

दीपिकानं नळी पुन्हा बुचकळून सरळ धरली, तेव्हा बुडाशी राहिलेलं पाणी तिला दिसलं. मघाशी निथळायचं राहिलं होतं, तेव्हाही असंच राहिलं असणार. बोलावं तर म्हणतील, सून सासूला वाचवायलीय. गप्प राहावं तर म्हातारीच्या नावाला बट्टा. आणि दूध तर गेलेलं, परत तपासणार काय?

तेवढ्यात कासाबाईच बोलली. "खरं हाय. मी थेंब घातलाय. निव्वळ दूध घराबाहीर देऊ न्हाई, म्हशीला नजर लागती."

रांगेतली प्रत्येक बाई तो थेंब घालते. एकीनंही वर पाहिलं नाही. कॅनभर दुधात थेंबानं काही फरक पडत नाही हे दीपिकाला ठाऊक होतं, पण कबुली मिळाल्यावर ऐकतो कोण? कासाबाई रिकामा कॅन घेऊन निघून गेली.

पुढचं दूध दिनकररावांचं. दीपिकानं ते मुद्दाम तशाच ओल्या नळीत ओतलं. लॅक्टोमीटर तितकाच बुडाला.

"नळीत पानी राह्यलं आसंल," दिनकरराव लगेच म्हणाले. "कोरडी करून बघ की."

तिनं कोरडी केली. दूध चोख निघालं.

"काका, आत्याच्या येळंलाबी नळी अशीच वल्ली व्हती. चूक माझी हाय."

"तिनं सोताच्या तोंडानं कबूल केलंय, पोरी. पुढचं घे."

दीपिकाला रागानं रडू आलं. तिनं पुढचं घेतलं.

संध्याकाळी शेजारची राजेश्री वाटीभर दूध मागायला आली. कासाबाईचा हात सवयीनं पाण्याच्या तांब्याकडं गेला आणि मागं आला.

"घाला, आत्या," दीपिका म्हणाली. "थेंबानं काई व्हत न्हाई."

"मग माझं दूध मोरीत कशानं गेलं?"

चेअरमनसमोर जे एका दमात सांगून झालं होतं, ते दीपिकाच्या तोंडातून निघेना.