अर्धा घोडा, अर्धा कोंबडा

बद्रुद्दीनने नाशकात तीस वर्षं तांब्या-पितळेवर वेलबुट्ट्या कोरल्या, पण असलं ध्यान त्याच्या हातून कधी उतरलं नव्हतं. पुढून घोडा, मागून कोंबडा! छत्तीस सालची गोष्ट. देवळालीच्या एका पारशी साहेबाने ग्रीक लोकांच्या जुन्या घड्यावरचं चित्र आणून दिलं आणि पितळी तबकावर हुबेहूब हेच हवं म्हणाला. या जनावराची कहाणी काय, असं बद्रुद्दीनने विचारलं, तर साहेब म्हणाला, कहाणीच उरली नाही. त्याचे आईबापसुद्धा कोणाला ठाऊक नाहीत.

घरी बायकोने, जुलेखाने, चित्र पाहिलं मात्र, कपाळाला हात लावला. लेक बिलकिस सातव्या महिन्यात माहेरी आली होती. सासरी दोन बाळंतपणं झाली, पण हाती काही लागलं नव्हतं. म्हणून हे तिसरं आईने हट्टाने आपल्याकडे आणलेलं. पोटुशीने वेडंवाकडं काही बघू नये, हे का सांगायला हवं? बद्रुद्दीनने कान पकडले आणि तबक गोणपाटाखाली लपवून काम करू लागला.

पण हाताची सवय मोठी वाईट. कोरून झालेलं भांडं तो ओसरीवरच्या ढिगात ठेवायचा आणि घरातल्या बायका ते चिंचेने घासायच्या. जुम्म्याच्या दिवशी काम संपलं, नमाजाची घाई झाली, आणि या शहाण्याने तबक नेहमीसारखं ढिगात ठेवलं. परत येतो तर बिलकिस ओसरीवर बसून त्या कोंबड्याच्या पायांतली एकेक रेघ चिंचेने उजळतेय.

जुलेखाने त्याला काय काय ऐकवलं, ते विचारूच नका. पुढचे दोन महिने बिचाऱ्याला धड घास गेला नाही. डोळे मिटले की ते पाय दिसायचे.

अखेर एका सकाळी भागीबाई सुईण आत गेली. दुपार कलली तेव्हा बाळाचा टाहो ऐकू आला आणि पाठोपाठ जुलेखाचा हुंदका. भागीबाईने दार किलकिलं करून, खाली बघत सांगितलं, मुलगी आहे, पण डावं पाऊल आत वळलंय.

बद्रुद्दीनने दाराच्या फटीशी तोंड नेलं.

"पोरी, माझ्यामुळे झालं गं. मला माफ कर."

आतून बिलकिसचा थकलेला आवाज आला.

"अब्बा, ती रडतेय, ऐकू येतंय ना?" ती म्हणाली, "आधीची दोन्ही रडलीच नव्हती."