झटकन उघडायची बोटं

परतूरच्या शाळेत सत्यशीला अकरा वर्षं मुलींना बांबूच्या धनुष्यावर तिरंदाजी शिकवत होती. वय पंचेचाळीस. दिवसभर वर्ग, त्यात मतदारयाद्यांचं काम, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. मैदानावर येईस्तोवर अंगात त्राण उरायचं नाही. तरी मुली गेल्या की ती स्वतः दहा-बारा बाण मारायची. दोन वर्षांपासून ते बाण डावीकडंच जात होते. मुलींसमोर तर तिनं धनुष्य उचलणंच सोडलं होतं.

दिवाळीनंतर अर्पिता भेटायला आली. तिची जुनी विद्यार्थिनी, आता जालन्यात तिरंदाजी शिकवायची. थोडा वेळ ती कडेला उभी राहून सत्यशीलाचे बाण बघत होती.

"मॅडम, राग न्हाई ना येणार?"

"बोल."

"दोरी सोडताना तुम्ही बोटं झटकून उघडून राह्यल्या. दोरीला धक्का बसतो, मंग बाण डावीकडं जातो."

"झटकन उघडा, हे मीच शिकवलंय तुला."

"तीच सवय सुटायला मला तीन वर्षं लागली," अर्पिता हळूच म्हणाली.

सत्यशीला धनुष्याची दोरी उतरवून घरी गेली. सासूचं अंग पुसताना, भाकरी थापताना ते वाक्य डोक्यातून हलेना. "पड जरा," नवरा राजानंद म्हणाला. ती पडली, पण डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी तिनंच फोन केला.

"ये रविवारी. दाखव मला."

अर्पितानं तिला टारगेटपासून दोन पावलांवर उभं केलं आणि डोळे मिटायला लावले. "बोटं उघडायची न्हाईत, मॅडम. फक्त धरणं थांबवायचं. पाठीनं ओढत राहा, दोरी आपली आपण निघून जाते. हात गालावरून बराबर कानापाशी आला पायजे."

ऐकायला सोपं होतं. बोटं मात्र जुनंच करायची. दूध तापेपर्यंत सत्यशीला स्वयंपाकघरात सायकलच्या ट्यूबची पट्टी धनुष्याच्या दोरीसारखी ओढत उभी राहायची. खांदा ठणकायचा. महिना झाला, बाण आधीपेक्षा वाईट जायला लागले.

"बास झालं. सोडून देते," ती एकदा म्हणाली.

"द्या," अर्पिता म्हणाली. "पण आजचे पंचवीस मारून."

त्यातला एकोणिसावा बाण कधी सुटला ते तिला कळलंच नाही. हात कानापाशी होता, बोटं सैल. पुढचे सहा पुन्हा बिघडले.

जानेवारीत जालन्याला खुली स्पर्धा झाली. छत्तीस बाणांतले नऊ तिच्या मते नीट सुटले. चौदा जणींत तिचा अकरावा नंबर आला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं.

सोमवारी तिनं मुलींना गोल बसवलं.

"बोटं झटकन उघडा, असं मी तुम्हाला सांगत आले. ते चूक होतं."

मुली एकमेकींकडं बघू लागल्या. "म्हणजे पहिल्यापासून, मॅडम?" राजनंदिनीनं विचारलं. तिचं सरावाचं तिसरं वर्ष चालू होतं.

"हो. पहिल्यापासून."

"मंग आता?"

"आता पुन्हा शिकायचं. मला अजून नीट जमत नाही, तुम्हालाही वेळ लागेल." सत्यशीला गुडघ्यावर हात टेकून उठली. मुलींसमोर तिनं धनुष्य हातात घेतलं आणि टारगेटपासून दोन पावलांवर जाऊन उभी राहिली.