सीटखालची चिपाडं

टाकी फुल्ल असूनही जयराज पाटलांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा शून्यावरच पडून होता. विश्रामबागेतल्या गॅरेजात प्रशांत मिस्त्रीनं मागची सीट उचलली. चघळून थुंकलेल्या उसाच्या चिपाडांत उंदरीण व्याली होती आणि टाकीवरची वायर तिनं कुरतडून टाकली होती. मुताचा वास तर नाकात जाऊन बसला. शिव्या गिळत त्यानं पिल्लं फडक्यात घेतली, घाण उपसली, वायर जोडली, सीट परत बसवली. काटा हळूहळू फुल्लवर चढला.

"लय भारी, गड्या!" म्हणत पाटील गाडीत शिरून मागच्या सीटवर टेकले, उसाचं कांडं दातानं सोललं आणि चघळून चिपाड पायाशीच थुंकले.

प्रशांतनं वळवळतं फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आवं पाटील, ह्यास्नीबी चारा की. तुमच्याच जिवावर वाढल्यात."