थाकने रंगवलेले डोळे

मित्रांनो, मी होई आन या गावच्या नदीवरची एक जुनी होडी आहे. माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले आहेत. आमच्याकडे डोळ्यांशिवाय होडी पाण्यात उतरवत नाहीत. हे डोळे कधी मिटत नाहीत. त्यामुळे माझ्या नजरेतून काही सुटत नाही, आणि माझा कुणावर विश्वासही बसत नाही.

पूर्वी मी अशी नव्हते. फणसाच्या लाकडातून मला थाक नावाच्या कोळ्याने घडवलं. मासेमारीच्या होडीचे डोळे खाली पाण्याकडे बघतात, मासा दिसावा म्हणून. तसेच लांबट, झुकलेले डोळे त्याने मला दिले. मी मासे बघायची आणि त्याची बायको दाओ जाळं ओढायची. फार बरे दिवस होते ते. मग थाक वारला. मुलगा खोआ म्हणाला, "आई, मासेमारीत काय उरलंय? पाहुणे फिरवू." त्याने माझ्यावर मोठे गोल, समोर रोखलेले डोळे काढले. तेव्हापासून माणसांची तोंडं बघत बसणं माझ्या नशिबी आलं आणि मी संशयी झाले.

यंदा तर संशयाला कारणही होतं. दाओचे गुडघे धरले होते. खोआ मला एका हॉटेलला विकणार होता. ते लोक मला बागेत मांडून माझ्यात बर्फ आणि बाटल्या भरणार होते. होडी कायमची जमिनीवर जायची असली, की आधी तिचे डोळे रंग फासून पुसतात. हॉटेलचा माणूस संध्याकाळी येणार होता, आणि पांढऱ्या रंगाचा डबा सकाळपासूनच माझ्या फळीखाली येऊन बसला होता.

त्याच दुपारी गाइड क्विन पोलंडचे विद्यार्थी घेऊन आली. देऊळ, पूल, शिंप्यांची दुकानं असं सगळं पायाखाली घालून पोरं दमली होती. माझ्यात बसून सगळे नदी बघत होते. एकटी यागना मात्र माझ्या नाकाशी ओणवी होऊन बसली. एक डोळा मिटून, पेन्सिल पुढे धरून तिने माझं माप घेतलं. मनात म्हटलं, ही हॉटेलचीच. विद्यार्थ्यांत मिसळून आलीय. मग ती क्विनच्या कानाशी लागली. क्विनने मान डोलावली. म्हणजे हीसुद्धा सामील.

आणि त्या पोरीने सरळ माझ्या डोळ्यावर नख मारलं.

दाओने वल्हं थांबवलं. "ए पोरी, हात काढ. क्विन, सांग तिला, होडीच्या डोळ्याशी खेळत नाहीत. दुसरं काही मिळालं नाही का हिला?"

"मावशी, ती चित्रकला शिकते," क्विन म्हणाली. "ती म्हणते, याच्याखाली दुसरा डोळा आहे. आणि तो जास्त चांगला आहे."

दाओ कण्हत वाकली. रंगाचा पोपडा निघाला होता आणि आतून एक काळी झुकलेली रेघ दिसत होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हा यांचा हात," ती म्हणाली. "कोपरा नेहमी वाकडा यायचा. मी हसले, की रुसून जेवायचे नाहीत."

यागना घाबरून उठायला लागली. दाओने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "आता अर्धवट काय सोडतेस? खरवड." तिने जाळं कापायची सुरी पोरीच्या हातात दिली. दुसरा डोळा दाओने स्वतः खरवडला, आपल्या नखांनी.

संध्याकाळी खोआ हॉटेलच्या माणसाला घेऊन धक्क्यावर आला. "आई, हे काय करून ठेवलंस?"

दाओने रंगाचा डबा त्याच्यापुढे ठेवला. "विकायचीय ना? मग हे डोळे तू पूस. मला नाही जमायचं."

खोआ गुडघ्यावर बसला. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. माझी नजर आता खाली होती, त्यामुळे त्याचं तोंड मला दिसेना. इतकी वर्षं मी माणसांची तोंडं वाचली, आणि नेमकं त्या वेळी मला काही कळत नव्हतं. मी फार भ्याले.

मग झाकण परत दाबून बसवल्याचा आवाज आला.

वल्हं आता खोआ मारतो आणि दाओ पुढे बसून त्याच्या चुका काढते. मित्रांनो, जुन्या वस्तूवर नवा रंग फासण्याआधी खाली कुणाचा हात आहे, ते एकदा बघत जा. माणसांवर पाळत ठेवणं मी सोडून दिलंय. पण कुणी नखं वाढवून माझ्या नाकाशी येऊन बसलं, तर मी अजून अंग चोरते.